पापलेट, तांब्याचं, पाऊण इंच

नोकरीच्या दुसऱ्याच आठवड्यात मी कारखान्याच्या कँटीनला श्रावणी सोमवारी सुकट रांधायला लावली.

मुद्दाम नाही हो. मी डोंबिवलीच्या अशा घरातला, जिथे चातुर्मासात कांदासुद्धा रजेवर जायचा. सुकट ही खायची वस्तू आहे एवढंच मला माहीत होतं, आणि तिथेच सगळा घोटाळा झाला. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. ठाण्याच्या औद्योगिक वसाहतीत पंप बनवणारा एक कारखाना होता, तिथल्या खरेदी खात्यात मी नवा कारकून. खात्याखात्यांतून मागणीच्या चिठ्ठ्या यायच्या, त्या वाचून योग्य माणसाकडे पाठवायच्या, एवढंच काम. एका शनिवारी चिठ्ठी आली, ‘सुकट अर्धा किलो. मांदेली शंभर. सोमवारी सकाळी पाहिजे.’ मी म्हटलं, ही कँटीनची चिठ्ठी, चुकून आपल्याकडे आलेली दिसते. शिक्का मारला आणि दिली कँटीनकडे पाठवून.

कँटीनच्या कंत्राटदाराचा फोन आला. “साहेब, सोमवारी? श्रावण आहे.”

“लेखी आलंय. शिक्का आहे वर.”

“आणि अर्धा किलोत एवढ्या माणसांचं काय होणार?”

“मग वाढवा की!” मी म्हटलं. आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी मला साहेब म्हटलं होतं. त्या भरात मी काहीही वाढवलं असतं.

सोमवारी दुपारी उपासवाले ताटं आपटत मॅनेजरसाहेबांच्या दारात गेले. बाकीच्यांनी दोनदोनदा वाढून घेतलं, पण ते साक्षीला कशाला येतील? तिकडे जुळणी विभागातलं काम अडलं होतं, कारण त्यांना लागणारा माल आलाच नव्हता. साहेबांनी मला बोलावलं. टेबलावर दोन वस्तू ठेवल्या. एक चिमुकला रिवेट, एक बारीक चंदेरी स्प्लिट पिन.

“ही सुकट,” ते म्हणाले. “ही मांदेली. आणि आपण कोण?”

चिठ्ठी गोदामातून आली होती. गोदाम ज्यांच्या ताब्यात होतं त्यांना सगळा कारखाना ‘नाखवा’ म्हणायचा. ठाण्याच्या खाडीकाठचे कोळी. वडिलांची होडी होती, खाडीत मासळी होती, तोवर हे होडीवर होते. पुढे पाण्याला तेलाचा वास यायला लागला आणि हे कारखान्यात लागले. गोदामात आले तेव्हा सामानाची इंग्रजी नावं जिभेवर बसेनात, म्हणून त्यांनी आपल्या ओळखीची नावं देऊन टाकली. तांब्याचा चपटा वॉशर म्हणजे पापलेट. मऊ, लिबलिबीत रबरी नळी म्हणजे बोंबील. पंपाच्या दांड्याभोवती गुंडाळायची ग्रीस लावलेली काळी दोरी, ती सापासारख्या लांब माशावरून वाम. वीस वर्षांत ही नावं कारखानाभर झाली. केरळातून आलेला आमचा फोरमन, ज्याला ‘पाणी द्या’ एवढंही मराठीत सांगता येत नव्हतं, तोसुद्धा गोदामाच्या खिडकीशी उभा राहून “नाखवा, वाम दो मीटर” असं खणखणीत म्हणायचा.

त्या सोमवारी संध्याकाळी मी माफी मागायला गोदामात गेलो. नाखवांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. “माफी र्‍हाव द्या साहेब. रसा तरी बरा झालता का?”

त्यानंतर तीनेक वर्षांनी माझं लग्न झालं. मुलगी कळव्याची, मूळ घर मालवणकडचं. आमची ओळख ठाण्याच्या एका वाचनालयात झाली, म्हणजे मी पुस्तक परत करायला विसरायचो आणि ती दंड लिहायची. आईने फार ताणलं नाही. स्वयंपाकघरात मासळी शिजणार नाही, एवढं ती एकदाच म्हणाली. दुसरी अडचण नावाची निघाली. मुलीचं नाव आणि माझ्या मोठ्या वहिनींचं नाव एकच. आत्या म्हणाली, “एका घरात एका नावाच्या दोघी? हाक कुणाला मारली ते कळायचं कसं? बदला!” नाव आत्यानेच सुचवलं. मी ताम्हनातल्या तांदळांवर अंगठीने ते लिहिलं, तेही पहिली वेलांटी चुकवून. भटजी हळूच म्हणाले, “दीर्घ आहे ते.” मी तांदूळ सारखे करून पुन्हा लिहिलं. मंडपात हशा झाला. ती हसली होती की नाही, ते मी तेव्हा पाहिलं नाही.

तिचे वडील मात्र शेवटपर्यंत तिला जुन्याच नावाने हाक मारायचे. डोंबिवलीला आले की जिना चढायच्या आधी खालूनच आरोळी. पहिल्या वेळी दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी गॅलरीतून सांगितलं, “अहो, त्या नावाचं इथे कुणी राहत नाही!” तोवर ही एकेक पायरी गाळत खाली पोहोचलेली.

नव्वदचं दशक लागलं आणि कारखान्यात कॉम्प्युटर आला. त्याच्यासाठी वेगळी खोली, थंड हवेचं यंत्र, दाराशी चपला काढायची पाटी. आम्ही त्याच्याकडे देवासारखं, म्हणजे लांबूनच, बघायचो. पण त्याला खायला काय घालायचं, हा प्रश्न निघाला. कारण आमच्याकडे एकाच वॉशरला खरेदी खातं एका नावाने ओळखायचं, नकाशे काढणारे दुसऱ्या, हिशेबवाले तो ज्याच्याकडून आणला त्याच्या नावाने, आणि जुळणी विभाग पापलेट म्हणून. त्यामुळे फडताळात भरपूर असताना आम्ही नवीन मागवायचो, आणि कागदावर भरपूर असताना फडताळ रिकामं निघायचं.

साहेबांनी बैठक घेतली. फळ्यावर लिहिलं, ‘एक वस्तू, एक नाव, एक नंबर.’ कारखान्यातल्या झाडून सगळ्या वस्तूंची एक मूळ यादी करायची. तिला ‘मास्टर’ म्हणायचं. सगळ्या खात्यांनी तीच वापरायची, कुणी मनाने नवं नाव घालायचं नाही. आणि ही यादी कशी करायची याची योजना आखायला एक माणूस पाहिजे.

साहेबांची नजर फिरत फिरत माझ्यावर थांबली. “हे करतील. यांना नावांच्या गोंधळाचा दांडगा अनुभव आहे.”

इतकी वर्षं झाली, तरी सुकट विसरायला कुणी तयार नव्हतं.

मी मात्र फुशारलो. सहा महिन्यांची योजना आखली. आधी प्रत्येक फडताळासमोर उभं राहून दर वस्तूचं एक कार्ड करायचं. मग एकाच वस्तूची दोन-तीन कार्डं झाली असतील ती शोधून एक करायची. मग नाव ठरवायचं, तेही शिस्तीत, आधी वस्तू, मग धातू, मग माप. ‘वॉशर, तांबे, पाऊण इंच.’ शेवटी नंबर, आणि एका नंबरला एकच कप्पा. मला या पद्धतीचा इतका लळा लागला की घरी जेवताना मी म्हणालो, “भाकरी, ज्वारी, अर्धी.” ही म्हणाली, “हात, उजवा, एक. उठा आणि घ्या.”

योजना साहेबांना पसंत पडली. कागदाची घडी घालता घालता ते म्हणाले, “यादी पूर्ण झाली की नाखवांना गेटवर देऊ. निवृत्तीला दीडेक वर्ष राहिलंय. बसून गाड्यांचे नंबर लिहितील. गोदाम आता एका माणसाच्या डोक्यावर नको चालायला.”

ती यादी नाखवांच्या डोक्यातूनच काढायची होती, आणि काढणार होतो मी. ही बातमी मी त्यांना कशी सांगावी याचा दोन दिवस विचार करत होतो. तिसऱ्या दिवशी कार्डांचा गठ्ठा घेऊन गोदामात गेलो तर त्यांनीच माझ्यासाठी स्टूल पुसून ठेवलं होतं.

“बसा. मना ठाव हाय सगला,” ते म्हणाले. “तुमाला येकेक नाव सांगतो, म्हंजे येकेक पाऊल मी गेटाकरं टाकतो. बरोबर ना?”

मी म्हटलं, “नाखवा, गेटवर आराम आहे. पंखा आहे, खुर्ची आहे…”

“खुर्ची हाय. पन हितं मी नाखवा हाय, तितं वॉचमन. आमच्या गावची मानसं त्याच रस्त्यावरून जातान. बघतीन ना.” मग त्यांनी पहिला कप्पा ओढला. “घ्या लिवून. ही मांदेली. तीन जातींची हाय.”

त्यांनी एकही नाव लपवलं नाही. हे मला आजही नवल वाटतं. मी असतो तर निदान शंभर वस्तू तरी ‘आठवत नाही’ म्हणून ठेवून घेतल्या असत्या.

कार्डं मी घरी आणायचो. एके संध्याकाळी ही मेथी निवडत होती आणि मी मोठ्याने वाचत होतो. “निवटी, लहान. निवटी, मोठी. हे काय असेल? नाखवांनी सांगितलं, पण मी विसरलो.”

“स्प्रिंग असणार,” ती म्हणाली.

मी कार्ड उलटून मागची टीप पाहिली. खरोखरच दाबायची स्प्रिंग होती. “तुला कसं कळलं?”

“अहो, निवटी म्हणजे खाडीच्या चिखलातली. ओहोटीला वर येते आणि हात लावायला गेलं की टुणकन उडते. शाळेतून येताना आम्ही पकडायला जायचो. एक कधी हातात टिकली नाही.” मेथी तशीच राहिली. “स्प्रिंगपण उडते ना हातातून? नाखवांना बरोब्बर सुचलं बघा. वाचा, पुढचं वाचा.”

मग रोज संध्याकाळी तेच. मी मासा वाचायचो आणि ती वस्तू ओळखायची. दहातली आठ तरी बरोबर यायची. कुठला मासा कसा दिसतो, कसा लागतो, तिची आई तो कशात घालायची, हेही ओघाने यायचं. आतून आईचं खाकरणं ऐकू आलं की ती आवाज खाली घ्यायची, पण थांबायची नाही. इतकं बोलताना मी तिला लग्नानंतर पाहिलं नव्हतं. मला वाटायचं, बायको आपल्या कामात रस घेते आहे.

एकदा वाचलं, “चिंबोरी, पाच आकारांत.”

“नर की मादी?”

“दोन्ही सांगितलंय त्यांनी. चिंबोरी नर, चिंबोरी मादी. नाखवांची गंमत ती. लोखंडात कसला नर नि कसली मादी!”

“खेकड्यात फरक असतो हं,” ती म्हणाली. “बघून घ्या नीट.”

“घेतो,” मी म्हटलं आणि घेतलं नाही. चिंबोरी म्हणजे सरक्लिप. दांडा किंवा बेअरिंग जागेवरून सरकू नये म्हणून खाचेत बसवायची पोलादी कडी, एका बाजूला तुटलेली, टोकांना भोकं असलेले दोन कान. अगदी खेकड्याच्या नांग्यांसारखी. दोन कप्प्यांत दोन ढीग होते. दोन्हींत तुटक्या कड्या. मी दर मापाची ‘नर’ आणि ‘मादी’ अशी दोन कार्डं समोर ठेवली, मोठ्या रुबाबात एकावर काट मारली आणि शेरा लिहिला, ‘एकच वस्तू, दोनदा नोंद.’ साहेबांना जाऊन सांगितलं की आज पाच कार्डं वाचवली.

यादी पूर्ण झाली. बोलीतली सगळी नावं गळाली होती. मी एकदा दबक्या आवाजात विचारलं होतं की जुन्या नावांसाठी एक रकाना ठेवायचा का. साहेब म्हणाले, “टोपणनावं घरी. तीन रकाने पुरेत.” नाखवा एका सोमवारी गेटवर गेले. जाताना गोदामाच्या किल्ल्या त्यांनी माझ्याच हातात दिल्या आणि “कुलूप जरा वर उचलून फिरवा, अरतंय” एवढंच म्हणाले. मग नव्या यादीप्रमाणे सगळं फडताळ लावलं. एका नंबरला एक कप्पा. माझ्या देखरेखीखाली दोन्ही ढिगांतल्या सरक्लिपा मापामापाने एकेका डब्यात ओतल्या गेल्या. छान खळखळाट झाला.

चौथ्या दिवशी एका गावच्या पाणीयोजनेचे पंप निघायचे होते. सकाळी अकराला जुळणी विभाग थांबला. फोरमन मूठभर सरक्लिपा घेऊन वर आला आणि साहेबांच्या टेबलावर ओतून म्हणाला, “साब, ये चिंबोरी सब मिक्स है. आधा लगताच नाही.”

तेव्हा कुठे मी त्या नीट पाहिल्या. काहींचे कान बाहेरच्या अंगाला होते, काहींचे आतल्या. एक जात दांड्यावर बाहेरून बसणारी, एक भोकात आतून बसणारी. ही तिच्या जागी जाणार नाही, आणि ती हिच्या जागी मेली तरी बसणार नाही. नर आणि मादी.

साहेब ताडकन उठले. “हे नाखवांचं काम! गेटवर पाठवलं त्याचा राग काढला. जाता जाता मिसळून गेले. आत्ताच्या आत्ता बोलवा त्यांना, मी लेखी विचारणा करतो.”

मी लगेच काही बोललो नाही. हे मला सांगायलाच हवं. माझ्या मनात आलं की वर्षभराने तो माणूस जाणारच आहे, आणि मला अजून वीस वर्षं इथे काढायची आहेत. एवढा विचार करायला जितका वेळ लागतो तितका वेळ मी टेबलावरच्या सरक्लिपांकडे बघत होतो. मग म्हणालो, “साहेब, मी मिसळल्या.”

“काय?”

“त्यांनी दोन वेगळ्या सांगितल्या होत्या. नर आणि मादी. मी एकच समजलो. कार्डावर माझाच शेरा आहे.”

साहेबांनी कार्ड मागवलं, शेरा वाचला, सही पाहिली. मग म्हणाले, “आधी सुकट, आता चिंबोरी. तुम्ही शाकाहारीच राहा हो. पण सामानापासून लांब राहा.”

नाखवा गेटवरून आले, टोपी हातात घेऊन. त्यांनी दरवाज्यातूनच डबे पाहिले आणि काय झालं ते कुणी सांगायची गरज उरली नाही. गोदामाच्या फरशीवर गोणपाट पसरलं, त्यावर पहिला डबा पालथा केला आणि मांडी घालून बसले. मीही समोर बसलो. त्यांचे हात चालायला लागले. डोळे वर, गप्पा चालू, आणि अंगठा प्रत्येक कडीवरून फिरतोय, उजवीकडे एक, डावीकडे एक. मी एक ओळखेपर्यंत त्यांच्या दहा व्हायच्या.

“साहेब, चिंबोरी उलटी करून बगाची,” ते म्हणाले. “पोट बगल्याबिगर घ्याची नाय. घरी इचारायचा ना वैनींना. त्या कलव्याच्या ना?”

“तिने सांगितलं होतं,” मी म्हटलं.

नाखवा एवढे हसले की डावी-उजवीकडचे दोन-चार नग एक झाले.

दुपारी अडीचला पहिला डबा खाली गेला, पाचला शेवटचा. पंप त्याच दिवशी निघाले. साहेब दोनदा येऊन दारात उभे राहून गेले होते. दुसऱ्यांदा मी गोणपाटावर बसूनच धीर केला. “साहेब, चौथा रकाना ठेवू या. कारखाना ज्या नावाने वस्तू मागतो ते नाव यादीत असू दे. आणि नवीन वस्तू आली, कुठलं नाव कुठे बसतं असा प्रश्न आला, तर शेवटचा शब्द नाखवांचा. माझा नको.”

“तुमचा नकोच,” साहेब म्हणाले. मग नाखवांकडे वळले. “गेटवर उद्यापासून दुसरा माणूस देतो. तुम्ही यादी सांभाळा. पण नावं यांना ठरवू देऊ नका.”

नाखवांनी टोपी गोणपाटावर ठेवली. “साहेब, त्या कॉम्प्युटरात मराठी लिवता येतं का?”

येत नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून आम्ही चौथ्या रकान्यात इंग्रजी अक्षरांत पापलेट, मांदेली, वाम आणि निवटी भरायला बसलो. स्पेलिंगवरून आमचं रोज भांडण व्हायचं. नाखवांना इंग्रजी वाचता येत नव्हतं, पण मी पापलेटला किती अक्षरं वापरली ती ते मोजायचे आणि म्हणायचे, “येवरा मोटा नसतं.” ते निवृत्त होईपर्यंत गोदामातच राहिले. पुढे कितीतरी वर्षांनी मी कारखाना सोडला तेव्हाही पडद्यावर तांब्याच्या वॉशरसमोर त्यांचं पापलेट होतं.

पण सांगायची गोष्ट चिंबोऱ्या निवडल्या त्या संध्याकाळची. घरी आलो, हातांना तेलाचा वास. ही ओट्याशी होती. मी पाट ओढून बसलो आणि सगळं सांगितलं, चिंबोरीचं पोट, साहेबांचा संशय, माझी कबुली (तिथे मी जरा वेळ लावला ते गाळून), गोणपाट, सगळं. मग माझ्या पराक्रमाकडे आलो.

“आणि ऐक,” मी म्हणालो, “चौथा रकाना मिळाला! आता प्रत्येक वस्तूला दोन नावं. एक कागदावरचं, आम्ही दिलेलं. आणि एक तिचं स्वतःचं, आधीपासूनचं. ते पुसायचं नाही, कुणी त्या नावाने हाक मारली तरी ती सापडली पाहिजे. मी साहेबांना ठणकावून सांगितलं. नाव बदललं म्हणून जुनं टाकून कसं द्यायचं?”

ती कणीक मळत होती. हात थांबले. तिने माझ्याकडे वळून पाहिलं. मला ते ताम्हन आठवलं, चुकलेली वेलांटी आठवली, आणि कान गरम झाले.

“बरं केलंत हो,” ती म्हणाली. “निदान चिंबोरीला तरी माहेरचं नाव राहू दिलंत.”